हत्यारं कुणी आणायची?

जुन्नर तालुक्यात, खोडदला, तारांच्या जाळीच्या 45 मीटर व्यासाच्या तबकड्या उभ्या आहेत. अशा तीस तबकड्यांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण ऑक्टोबर 2001 मध्ये देशाला अर्पण झाली. तबकड्या लांबून दिसतात; त्यांनी टिपलेल्या गोंगाटातून पल्सार शोधणारं सॉफ्टवेअर दिसत नाही. ते बरेचदा सोर्स कोड म्हणून हाती पडतं आणि ज्याचं त्यानं बांधायचं असतं.

स्कॉट रॅन्सम यांचं पल्सार शोधणारं 'प्रेस्टो' घ्या. त्याला एफएफटीडब्ल्यू, टेम्पो, पीजीप्लॉट ही दुसरी सॉफ्टवेअरं आधी लागतात. शेवटची दोन फोरट्रानमधली, म्हणजे त्या भाषेचा कंपायलरही हवा. मग, जुन्या आवृत्त्यांत, 'मेक मेकविज्डम' म्हणायचं आणि मशीनवर दुसरं काही न चालवता थांबायचं. या यंत्रावर गणिताची कुठली वाट जलद, हे एफएफटीडब्ल्यू तेवढ्यात मोजून घेतं.

यातलं 'मेक' हे बांधणीचं हत्यार 1976 चं, बेल लॅब्समधल्या स्टुअर्ट फेल्डमन यांचं. 1991 मध्ये डेव्हिड मॅकेन्झी यांनी 'कॉन्फिगर' स्क्रिप्ट बनवणारं ऑटोकॉन्फ आणलं. त्यातली खरी किमया अशी की ऑटोकॉन्फ लेखकाकडेच राहायचं. वापरणाऱ्याला ती स्क्रिप्ट तयार मिळायची. एफएफटीडब्ल्यूच्या लेखकांनी तर कमालच केली. त्यातला बराचसा सी कोड कॅमल भाषेतला प्रोग्राम लिहितो, पण प्रकाशित गठ्ठ्यात तो आयता असतो. म्हणून खोडदच्या आकडेवारीवर काम करणाऱ्या विद्यार्थ्याला कॅमलचं नावही ठाऊक असावं लागत नाही. कच्च्या भांडारातून उचललं तर मात्र कॅमल हवंच.

या सोयीची दुसरी बाजू 29 मार्च 2024 रोजी उघडी पडली. एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा माग काढताना अँड्रेस फ्रॉइंड यांना एक्सझेड या फाइल आवळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या 5.6.0 आणि 5.6.1 आवृत्त्यांत चोरदरवाजा सापडला. त्याला वाट करून देणारी, 'कॉन्फिगर' बनवताना लागणारी एम4 फाइल प्रकाशित गठ्ठ्यात होती, गिट भांडारात नव्हती. तयार फाइल देणं चूक नव्हे, ती मूळ कोडमधून पुन्हा तशीच बनते का हे कुणी पाहत नव्हतं, हे चूक.

प्रेस्टोनं पाचव्या आवृत्तीत जुनी मेकफाइल सोडून मेसन हे बांधणीचं हत्यार धरलं. इथे हत्यारं वापरणाऱ्यानंच आणायची: मेसनला पायथन हवं, सोबत निंजाही.