स्पोर्ट्स कारमधील एक्झॉस्टचा घुमारा : कारणमीमांसा, उपाय व पुनावळे परिसराचा संदर्भ

प्रस्तावना

पुणे जिल्ह्यातील मोटार उद्योगाचा विचार करताना पिंपरी, आकुर्डी, भोसरी व चाकण ही नावे प्रथम डोळ्यांसमोर येतात. पुनावळ्याचे नाव त्यांत येत नाही. तेथे मोटारी बनत नाहीत. मोटारी बनविणारे, विकणारे आणि वापरणारे लोक तेथे राहतात. पवना नदीलगतचे हे गाव अलीकडच्या काळात गृहसंकुलांनी भरून गेले आहे. कात्रज–देहूरोड बाह्यवळण मार्ग गावाच्या अंगाला लागून जातो आणि २००२ मध्ये पूर्णपणे खुला झालेला मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग जवळच्याच किवळ्यापासून सुरू होतो. वेगवान मोटारीची हौस असणाऱ्यास यापेक्षा सोयीचे ठिकाण मिळणे कठीण. आणि तिचा आवाज नको असणाऱ्यास यापेक्षा गैरसोयीचेही.

स्पोर्ट्स कारचा आवाज हा तिच्या आकर्षणाचा भाग असतो, हे मान्य केले पाहिजे. परंतु द्रुतगती मार्गावर ताशी १०० कि.मी.च्या स्थिर वेगाने जाताना केबिनमध्ये जो एकसुरी, जड, कानांवर दाब आणणारा आवाज भरून राहतो, त्याचे समर्थन हौशी मालकही करीत नाहीत. इंग्रजीत त्यास ‘ड्रोन’ म्हणतात. उडणाऱ्या यंत्राशी याचा संबंध नाही. तंबोऱ्याच्या अखंड षड्जालाही इंग्रजीत हाच शब्द आहे. मराठीत त्यास ‘घुमारा’ म्हणता येईल. हा घुमारा घालविण्यासाठी बहुतेक मालक गॅरेजमध्ये जाऊन दारे, तळ व डिकी यांवर रबरी पत्रे चिकटवून घेतात, म्हणजे तेथील भाषेत ‘डॅम्पिंग करून घेतात’. खर्च होतो, गाडीचे वजन वाढते आणि घुमारा जवळजवळ तसाच राहतो. असे का होते आणि घुमारा नेमका कोठे अडवावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

घुमाऱ्याचे स्वरूप

चार फटक्यांच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरमध्ये दर दोन फेऱ्यांना एकदा ज्वलन होते. चार सिलिंडरच्या इंजिनात म्हणून प्रत्येक फेऱ्यात दोन ज्वलने होतात आणि एक्झॉस्ट पाइपमध्ये तितकेच दाबाचे ठोके सुटतात. मिनिटाच्या फेऱ्यांना ३० ने भागले की या ठोक्यांची वारंवारता मिळते. २,५५० फेऱ्यांना ती ८५ हर्ट्झ येते. तीन सिलिंडरसाठी ४० ने, सहांसाठी २० ने व आठांसाठी १५ ने भागावे लागते.

आता केबिनकडे पाहू. केबिन ही हवेने भरलेली बंद पेटी आहे आणि बासरीतील हवेप्रमाणे तिच्याही हवेची स्वतःची नैसर्गिक वारंवारता असते. पुढील काचेपासून मागील काचेपर्यंतची लांबी सुमारे २ मीटर धरली, तर त्या लांबीत अर्धी तरंगलांबी मावेल अशी वारंवारता, ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरून, ८५ हर्ट्झ येते. म्हणजे इंजिनाचे ठोके आणि केबिनमधील हवा यांचा सूर २,५५० फेऱ्यांच्या आसपास जुळतो. अनेक चार सिलिंडर गाड्यांचे इंजिन वरच्या गिअरमध्ये, ताशी १०० कि.मी.च्या सुमारास, याच फेऱ्यांच्या आसपास असते. ही गाठ पडली की अनुस्पंदन होते आणि एरवी क्षम्य वाटणारा आवाज घुमू लागतो. फेरे दोनतीनशेंनी वर किंवा खाली नेले की तो ओसरतो. घुमारा म्हणजे केवळ मोठा आवाज नव्हे. तो जुळलेला आवाज आहे.

या स्पष्टीकरणाची पडताळणी साध्या रीतीने करता येते. अशा तरंगात दाब पेटीच्या दोन्ही टोकांना सर्वाधिक व मध्यभागी सर्वांत कमी असतो. दोन आसनी स्पोर्ट्स कारमध्ये प्रवाशाचे डोके मागील भिंतीच्या अगदी जवळ, म्हणजे नेमके अधिक दाबाच्या जागी असते. शेजारी बसलेल्याने (चालकाने नव्हे) डोके पुढे झुकवून केबिनच्या मध्याशी आणले आणि घुमारा जाणवण्याइतका कमी झाला, तर केबिनचे अनुस्पंदन हेच कारण असल्याचा तो सबळ पुरावा होय. दुसरी कसोटी गिअरची. वेग तोच ठेवून गिअर बदलल्यावर आवाज बदलला, तर त्याचे मूळ इंजिनात आहे. न बदलल्यास टायर, रस्ता किंवा वारा यांत आहे. द्रुतगती मार्ग काँक्रीटचा असल्याने तेथे टायरचा आवाजही बराच असतो, परंतु त्याचा मुख्य भाग सुमारे १,००० हर्ट्झच्या आसपास असतो. तो सळसळीसारखा ऐकू येतो, घुमत नाही. या दोन आवाजांची गल्लत हेच चुकीच्या खर्चाचे पहिले कारण होय.

स्पोर्ट्स कारच अधिक का घुमते

सर्वसाधारण कारखानी सायलेन्सरमध्ये कप्पे, आडभिंती व उलटसुलट नळ्या असतात. वायूला वळणे घ्यावी लागतात, लहरी परावर्तित होऊन एकमेकींना खोडतात व मंद्र आवाज आतच जिरतो. याची किंमत म्हणजे एक्झॉस्टचा मागे येणारा दाब, आणि शक्तीच्या शोधात असणाऱ्यांना तोच नको असतो. म्हणून स्पोर्ट्स एक्झॉस्टमध्ये सरळ, छिद्रे असलेली नळी व तिच्याभोवती काचतंतूंचे वेष्टन अशी रचना असते. हे वेष्टन उच्च वारंवारतेचा कर्कशपणा उत्तम शोषते. ८०–९० हर्ट्झच्या लहरीला मात्र ते जवळजवळ अडवीत नाही. बदललेल्या एक्झॉस्टचा आवाज गाडीबाहेर ‘भरदार’ आणि गाडीत असह्य का वाटतो, याचे उत्तर येथे आहे. अनेकदा मूळ पाइपवरील एक लहानसा डबा, जो मालकास निरुपयोगी अडथळा वाटतो, तोच या एका वारंवारतेसाठी निर्मात्याने बसविलेला अनुस्पंदक असतो. तो कापून टाकला जातो आणि मग केबिनमध्ये रबर चिकटविले जाते.

रचनेचाही वाटा आहे. २०१२ मध्ये दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत सादर झालेली डीसी अवंती किंवा २०१७ मध्ये टाटा मोटर्सने जिनिव्हा येथे दाखविलेली, पुढे उत्पादनात न आलेली दोन आसनी रेसमो, या दोन्हींत इंजिन प्रवाशांच्या पाठीमागे होते. अशा मांडणीत इंजिन, एक्झॉस्ट व डोके यांच्यातील अंतर फारच थोडे उरते. रेसमोचे इंजिन तीन सिलिंडरचे होते. अशा इंजिनात ठोक्यांची संख्या कमी असल्यामुळे तेच ८५ हर्ट्झ ३,४०० फेऱ्यांना येतात. घुमारा टळत नाही, केवळ त्याची जागा बदलते.

रबर व फोम यांची मर्यादा

ध्वनी अडविण्याच्या बाबतीत पत्र्याचे वस्तुमान निर्णायक ठरते. वस्तुमान किंवा वारंवारता दुप्पट झाली की रोध सुमारे ६ डेसिबलने वाढतो, हा वस्तुमान नियम होय. १ मि.मी. जाडीच्या पोलादी पत्र्याचे वजन चौरस मीटरला सुमारे ७.८ किलो असते. या नियमाने त्याचा रोध २,००० हर्ट्झला सुमारे ३७ डेसिबल, तर ८५ हर्ट्झला ९ ते १० डेसिबल इतकाच येतो. त्यावर चौरस मीटरला ३ किलोचा रबरी थर चढविला, तरी वाढ ३ डेसिबलपेक्षा कमीच. दहा चौरस मीटरवर असा थर दिल्यास गाडीत ३० किलोंची भर पडते. ज्या गाडीचा हलकेपणा हाच गुण, तिच्या बाबतीत हा सौदा विचित्रच म्हटला पाहिजे. (इतक्या कमी वारंवारतेला पत्र्याचा ताठपणा व त्याची स्वतःची कंपनेही महत्त्वाची ठरतात, त्यामुळे हे आकडे दिशादर्शक समजावेत. छत किंवा डिकीचा तळ स्वतःच त्या वारंवारतेला थरथरत असेल, तर तेवढ्या भागापुरते रबर खरोखर उपयोगी पडते.)

फोमची कथा याहून निराशाजनक आहे. सच्छिद्र पदार्थ चांगले शोषण करतो तो त्याची जाडी तरंगलांबीच्या चतुर्थांशाच्या जवळपास असेल तेव्हा. ८५ हर्ट्झची तरंगलांबी ४ मीटर. म्हणजे थर १ मीटरचा हवा, आणि बाजारात मिळतो २० मि.मी.चा. टायरची सळसळ व वाऱ्याची शीळ यांवर तो परिणामकारक ठरतो, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्यामुळे इतर आवाज दबून घुमारा उलट अधिक उठून दिसतो, हा अनुभव अनेकांना येतो.

पाइपवरील उपाय

घुमाऱ्यावरील खरा उपाय उगमाशी, म्हणजे पाइपवर, करावा लागतो. त्याचा सोपा प्रकार म्हणजे एक्झॉस्ट पाइपला जोडलेली, दुसरे टोक बंद असलेली शाखानळी. तिच्यात शिरलेली लहर बंद टोकावर आपटून परत येते. नळीची लांबी तरंगलांबीच्या चतुर्थांशाइतकी असेल, तर येणे-जाणे मिळून अर्धी तरंगलांबी होते, परतलेली लहर मूळ लहरीच्या विरुद्ध कलेत येते आणि दोन्ही एकमेकींना खोडतात. बाटलीच्या तोंडावर फुंकल्यावर जो सूर निघतो त्या तत्त्वावर चालणारा हेल्महोल्ट्झ अनुस्पंदक हेच काम कमी जागेत करतो.

लांबी ठरविताना मात्र तापमान विसरून चालत नाही. ध्वनीचा वेग केल्विनमधील तापमानाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. ८५ हर्ट्झसाठी साध्या हवेचा वेग घेतल्यास नळी १ मीटरची येते; पाइपमधील वायू ३०० अंश सेल्सिअसचा धरल्यास ती १.४ मीटरची हवी. प्रत्यक्षात बंद शाखेत वायू वाहत नसल्याने तो मुख्य पाइपपेक्षा थंड असतो. १५० अंश धरल्यास लांबी १.२ मीटर होते. अशी नळी ज्या अरुंद पट्ट्यासाठी बनविली त्यातच ती काम करते, त्यामुळे १० सें.मी.ची चूकही परिणाम पुष्कळ घटविते. अनुभवी कारागीर म्हणूनच नळी आधी थोडी लांब ठेवतात, गाडी रस्त्यावर नेऊन घुमारा ऐकतात आणि मग कापत जातात. गणित व कान यांची अशी सांगड इतरत्र क्वचितच दिसते.

एक्झॉस्ट ज्या रबरी टांगण्यांवर लटकतो त्या कडक झाल्यास किंवा पाइप कोठे चेसिसला टेकत असल्यास कंपने थेट सांगाड्यात शिरतात. तेव्हा कोणताही अनुस्पंदक उपयोगी पडत नाही. ही तपासणी सर्वांत स्वस्त असून सर्वांत आधी व्हावयास हवी.

आधुनिक गाड्यांत सक्रिय ध्वनिनिरसन असते. केबिनमधील मायक्रोफोन घुमारा टिपतात आणि ध्वनिक्षेपक त्याच्या विरुद्ध कलेतील आवाज सोडतात. ही कल्पना नवी नाही. जर्मनीतील पॉल ल्यूग यांना तिचे अमेरिकी पेटंट १९३६ मध्ये मिळाले होते. कमी वारंवारतेला हा उपाय चांगला लागू पडतो. मात्र तो फक्त आत बसलेल्यांच्या कानांपुरता असतो.

बाहेरचा कान

वस्तुतः या विषयातील सार्वजनिक प्रश्न येथेच सुरू होतो. रबर असो वा सक्रिय निरसन, केबिनमध्ये केलेल्या उपायाने बाहेरचा आवाज तसूभरही कमी होत नाही. ज्या मंद्र लहरीला मोटारीचा पत्रा अडवू शकत नाही, तिला पुनावळ्यातील सदनिकेच्या खिडकीची काच तरी कितपत अडविणार? २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल (ए) ही मर्यादा आहे. नवीन प्रवासी मोटारीसाठी १ एप्रिल २००५ पासून ७४ डेसिबल (ए) ही मर्यादा लागू झाली. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) नुसार ध्वनिमर्यादेच्या उल्लंघनास, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, पहिल्या गुन्ह्यासाठी दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही, तसेच तीन महिने परवाना अपात्रता अशी तरतूद आहे.

कायदा आहे; पण मोजमाप घुमाऱ्याला नीट पकडत नाही. ‘ए’ भारांकन मानवी कानाच्या कमी आवाजाच्या संवेदनेवर बेतलेले असून ८० हर्ट्झला ते सुमारे २२ डेसिबल वजा करते. केबिनमध्ये या वारंवारतेचा प्रत्यक्ष पातळीने ९० डेसिबलचा घुमारा असला, तरी मोबाइलवरील मापक ६८ डेसिबल (ए) दाखवील आणि मालकास ‘सर्व ठीक आहे’ असे वाटेल. ‘सी’ भारांकनात ही वजावट जेमतेम अर्धा डेसिबल असते. शिवाय नव्या वाहनाची परंपरागत ध्वनिचाचणी मार्गाच्या मध्यरेषेपासून ७.५ मीटरवर, गाडी पूर्ण जोराने वेग घेत असताना होते. स्थिर वेगात, अर्धवट दाबलेल्या ॲक्सिलरेटरवर उठणारा घुमारा तिच्या कक्षेत येतच नाही. रस्त्यावर आल्यानंतरच्या पीयूसी तपासणीत तर वायू व धूर मोजले जातात, ध्वनी नव्हे. परिणामी बुलेटचा बदललेला सायलेन्सर त्याच्या फटफटीमुळे पोलिसांच्या चटकन लक्षात येतो. स्पोर्ट्स कारचा मंद्र घुमारा निसटतो.

या मोजमापासाठी महागडी प्रयोगशाळा लागत नाही. या पट्ट्यातील महाविद्यालयांत भौतिकशास्त्र वा यंत्र अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना पदवी प्रकल्प म्हणून ते सहज करता येईल. मायक्रोफोन मागील आसनावर डोक्याच्या उंचीला बांधावा, इंजिनाचे फेरे १,५०० पासून ३,५०० पर्यंत सावकाश वाढवीत ध्वनिमुद्रण करावे आणि संगणकावर वारंवारतेचे पृथक्करण करून फेऱ्यांबरोबर सरकणारी रेषा केबिनच्या स्थिर वारंवारतेला कोठे छेदते ते पाहावे. त्याच वेळी दुसरा मायक्रोफोन रस्त्यालगतच्या एखाद्या सदनिकेच्या बंद खिडकीआड ठेवल्यास दोन्हीकडची ८५ हर्ट्झची रेषा शेजारी शेजारी मांडता येईल.