चार जणांचा प्रभाग, एकच मत : आयर्लंडचं सरकार निवडतात कसं?

पुण्यात महापालिकेचं मतदान आलं की मित्रांच्या ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो. एका प्रभागात चार नगरसेवक, चार वेळा बटण दाबायचं, मग त्यातला माझा नगरसेवक नक्की कोणता? आज आपण जाणार आहोत आयर्लंडला. तिथेही एका मतदारसंघातून चार-चार जण निवडून येतात, पण मत मात्र एकच असतं. सगळी गंमत तिथेच आहे.

आधी देशाची ओळख. लोकसंख्या २०२२ च्या जनगणनेत ५१ लाखांच्या वर. आपल्या पुणे जिल्ह्याची २०११ सालीच ९४ लाख होती, म्हणजे बघा. राज्यघटना १९३७ ची. आपल्या घटनेतली मार्गदर्शक तत्त्वं तिथूनच आली, हे एमपीएससीवाल्यांना झोपेतही पाठ असतं. पंतप्रधानाला तिथे 'टीशक' म्हणतात. आणि हे पद दोनदा भूषवलेल्या लिओ वराडकरांचे वडील मूळचे आपल्या सिंधुदुर्गातले, मालवण तालुक्यातल्या वराड गावचे. डॉक्टर झाले, परदेशी गेले, तिकडेच स्थायिक झाले. लिओ २०१७ मध्ये पहिल्यांदा टीशक झाले आणि २०१९ च्या डिसेंबरात, पदावर असतानाच, वराडला येऊन गेले.

आता मुद्द्यावर येऊ. तिथल्या लोकसभेला 'डॉल' म्हणतात. २०२४ च्या निवडणुकीत तिच्या १७४ जागा होत्या आणि मतदारसंघ फक्त ४३. कारण प्रत्येक मतदारसंघातून तीन, चार किंवा पाच जण निवडले जातात. मतपत्रिका कागदाची. त्यावर सगळ्या उमेदवारांची नावं असतात आणि तुम्ही १, २, ३ असे पसंतीचे आकडे लिहायचे. एका आकड्यावर थांबलात तरी चालतं.

मोजणी कशी होते? समजा चार जागा आहेत आणि ५०,००० वैध मतं पडली. मतांना जागांपेक्षा एक जास्त आकड्याने भागायचं, म्हणजे पाचने, आणि त्यात एक मिळवायचं. आले १०,००१. हा झाला कोटा. ज्याने तो गाठला तो निवडून आला. त्याच्याकडे कोट्यापेक्षा जास्त मतं असतील तर वरची मतं पुढच्या पसंतीच्या उमेदवाराकडे जातात. कुणीच कोटा गाठला नाही तर तळाचा उमेदवार बाद होतो आणि त्याची मतं पुढच्या पसंतीप्रमाणे वाटली जातात. चार जागा भरेपर्यंत अशा फेऱ्या चालतात. २०२० मध्ये डब्लिन वेस्ट या चार जागांच्या मतदारसंघात खुद्द वराडकर पाचव्या फेरीत निवडून आले, तेही टीशक असताना!

आता पुण्याशी ताडून बघा. २०१७ ला आपल्याकडे ४१ प्रभाग होते. त्यातले ३९ चार जणांचे, दोन तीन जणांचे, एकूण नगरसेवक १६२. पण आपल्याकडे अ, ब, क, ड या चार वेगळ्या निवडणुका असतात, फक्त एकाच दिवशी. प्रत्येकीत ज्याची मतं जास्त तो जिंकतो. समजा एका पॅनेलला चारही ठिकाणी ४० टक्के मतं मिळाली आणि उरलेली विरोधकांत फुटली, तर चारही जागा त्या पॅनेलच्या. बाकीच्या ६० टक्क्यांचा एकही नगरसेवक नाही. आयर्लंडमध्ये त्याच ४० टक्क्यांत साधारण दोन जागा येतात आणि उरलेल्या दोन दुसऱ्यांना मिळतात. माझ्या मते चार जणांचा प्रभाग ठेवायचाच असेल, तर तो असा असायला हवा.

एक अडचण आहे, ती लपवत नाही. आपल्याकडे महिला, अनुसूचित जाती, ओबीसी यांच्या जागा अ-ब-क-ड मध्ये ठरवून दिलेल्या असतात. आयर्लंडमध्ये राखीव जागा नाहीत. तिथे पक्षांनी महिला उमेदवार ठरावीक प्रमाणात दिल्या नाहीत (आता ४० टक्के) तर त्यांचं निम्मं सरकारी अनुदान कापलं जातं. उमेदवारी म्हणजे निवडून येणं नव्हे. त्यामुळे ती पद्धत जशीच्या तशी इथे उचलून आणता येणार नाही.

तोटे तिथेही आहेतच. एकाच पक्षाचे दोन उमेदवार एकमेकांची मतं ओढतात, म्हणून खासदारसुद्धा गल्लीतल्या कामांत अडकून पडतो. मोजणीला दिवसच्या दिवस लागतात. २०२४ ला शुक्रवारी मतदान झालं आणि शेवटच्या जागा सोमवारी ठरल्या. यावर उपाय म्हणून त्यांनी मतदान यंत्रंही घेतली होती, पाच कोटी युरोंहून जास्त खर्च करून. लोकांचा विश्वास बसला नाही आणि २०१२ मध्ये ती भंगारात विकली.

शिवाय १९७७ नंतर तिथे कुठल्याच पक्षाला एकट्याला बहुमत मिळालेलं नाही. त्यामुळे आघाडी ठरलेलीच. २०२० मध्ये फियाना फॉल, फिन गेल आणि ग्रीन पक्ष एकत्र आले. करार काय? आधी मिहॉल मार्टिन, मग डिसेंबर २०२२ पासून वराडकर. हो, अगदी आपलं 'अडीच-अडीच वर्षं'! फरक इतकाच की तिथे करार लिहून जाहीर केला होता आणि ठरल्या महिन्यात खुर्ची बदलली. (पुढे मार्च २०२४ मध्ये वराडकरांनी स्वतःहून पद सोडत असल्याचं जाहीर केलं, तो भाग वेगळा.)

ही मतदान पद्धत घटनेतच लिहिलेली आहे, म्हणून ती बदलायची तर सार्वमत घ्यावं लागतं. फियाना फॉल सरकारने १९५९ आणि १९६८ मध्ये ती काढून आपल्यासारखी 'जास्त मतं तो विजयी' पद्धत आणायचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा लोकांनी नाही म्हटलं. पुण्यात २००७ ला एक सदस्याचा वॉर्ड होता, २०१२ ला दोन जणांचा प्रभाग झाला, २०१७ ला चार जणांचा. दर वेळी निर्णय मुंबईत झाला.

पसंतीचं मत स्वतः देऊन बघायचंय? पदवीधर असाल तर विधान परिषदेच्या पुणे पदवीधर मतदारसंघात नाव नोंदवा. तिथे जागा एकच असते, पण मतपत्रिकेवर १, २, ३ लिहायचं असतं. विधानसभेच्या यादीत नाव असलं तरी इथली नोंदणी वेगळी करावी लागते, आणि दर निवडणुकीला नव्याने.