टाचेची कंडरा तुटल्याची ओळख

पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाशी जोडणारी जाड दोरी म्हणजे टाचेची कंडरा होय. शिक्षकांच्या क्रीडास्पर्धेत धावताना मागून कोणी लाथ मारल्यासारखे वाटून 'कट्' असा आवाज झाल्यास ती तुटल्याची शंका घ्यावी. जखमी व्यक्ती लंगडत का होईना, चालते. म्हणून पाय मुरगळला असे समजून तो चोळण्याची चूक घडते. सिमंड्स यांनी १९५७ साली वर्णिलेली परीक्षा सोपी आहे. रुग्णास पालथे निजवून पावले बाकाच्या कडेबाहेर ठेवावीत व पोटरी हळूच दाबावी. निरोगी पायाचे पाऊल तळव्याकडे वळते. कंडरा तुटलेल्या पायाचे स्तब्ध राहते. तसे आढळल्यास पाय टेकवू न देता रुग्णास त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.