सिकलसेल, शस्त्रक्रिया आणि भुलीची भीती

नंदुरबार जिल्ह्यातल्या भिल्ल, पावरा घरांत सिकलसेल हा शब्द आता ओळखीचा झाला आहे. पण पित्ताशयातले खडे किंवा सिझेरियनसाठी शस्त्रक्रिया ठरली की भीती जागी होते: भूल दिली तर हा पेशंट उठेल का?

भूल देता येते, संपूर्ण किंवा कमरेतून. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात त्या भुलीच्या औषधाने नव्हे. प्राणवायू घटला, अंगातलं पाणी आटलं, थंडी वाजली की त्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात. भूलतज्ज्ञाची निम्मी लढाई याच गोष्टींशी असते.

म्हणूनच ‘रात्रीपासून पाण्याचा थेंबही नको’ हा समज मला सगळ्यांत घातक वाटतो. जेवण सहा ते आठ तास आधी थांबवावं लागतं, हे खरं. पण साधं पाणी सहसा दोन तास आधीपर्यंत चालतं. धडगावहून घाट उतरून आलेला, तहानलेला माणूस दुपारपर्यंत नंबराची वाट बघत बसला, तर त्याचा त्रास टेबलावर जाण्याआधीच सुरू होतो. त्याचा नंबर सकाळी पहिला लावावा, उशीर झालाच तर सलाईन सुरू करावं. थिएटरच्या एसीत ऊबदार पांघरूण हवं. सलाईनही कोमट असलेलं बरं.

‘रक्ताची सोल्युबिलिटी चाचणी पॉझिटिव्ह म्हणजे रोगच’ हेही चूक. ही चाचणी वाहकातही पॉझिटिव्ह येते. फरक कळतो इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीने. वाहकाला बहुतेक वेळा नेहमीसारखीच भूल देतात. तेव्हा तुम्ही वाहक की रुग्ण हे सांगणारं कार्ड घरी ठेवून येऊ नका.

रक्ताबाबत दोन टोकं दिसतात. 2013 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात शस्त्रक्रियेआधी रक्त न दिलेल्या 33 रुग्णांपैकी 13 जणांत गुंतागुंत झाली, दिलेल्या 34 पैकी 5 जणांत. म्हणून भरपूर रक्त चढवावं का? नाही. हिमोग्लोबिन साधारण 10 पर्यंत नेतात. त्याहून फार वर नेलं तर रक्तच दाट होतं.

टाके पडले म्हणजे सुटलो, असंही नाही. छातीची गंभीर गुंतागुंत बऱ्याचदा दोन-तीन दिवसांनी उद्भवते. दुखणं दाबून धरलं तर श्वास उथळ होतो, म्हणून वेदनाशामक मागून घ्यावं आणि श्वासाच्या व्यायामाचं तीन चेंडूंचं प्लास्टिकचं यंत्र, पोरखेळ वाटलं तरी, जागेपणी तासातासाला वापरावं. ताप, छातीत कळ किंवा धाप लागली तर सिस्टरला तेव्हाच सांगायचं, सकाळच्या राउंडची वाट बघायची नाही.