बियरची प्रत आणि आमची ज्वारी

बाटलींतील बियर बिघडली म्हणजे दोष कारखानदारास लावण्याचा परिपाठ आहे. परंतु त्या दोषाचें मूळ शोधीत गेल्यास तें पुष्कळदां शेतकऱ्याच्या खळ्यावर सांपडतें. आम्ही मद्यपानाचे पुरस्कर्ते नाहीं. तथापि धान्याचें गिऱ्हाईक कोणत्या कसोटीनें माल पारखतें हें विकणारास ठाऊक असावें, म्हणून हा विषय खानदेशांतील शेतकरी बंधूंपुढें मांडीत आहों.

पुण्यांत २००९ सालीं डूलाली ही लहान बियरशाळा निघाली, व त्यानंतर पुण्या-मुंबईस अशा अनेक झाल्या. त्यांचें मुख्य धान्य जव. परंतु ज्वारीचीहि बियर होते. नायजेरियानें १९८८ सालीं परदेशी जवाच्या आयातीवर बंदी घातली, तेव्हां तेथील कारखाने ज्वारी व मका यांकडे वळले. बंदी पुढें उठली, तरी ज्वारीचा वापर राहिला. तेव्हां तापीकांठच्या शेतकऱ्यास ही गोष्ट अगदींच परकी नाहीं.

पहिली पायरी मोड आणण्याची. घरीं नाचणीचें सत्त्व करितांना जें करितात, तेंच येथें मोठ्या प्रमाणावर होतें. धान्य भिजवून चार-पांच दिवस मोड येऊं देतात व मग वाळवितात. यास माल्ट म्हणतात. मोड येतांना दाण्यांत जे पाचक रस उत्पन्न होतात, तेच पुढें पिठाची साखर करितात. सबब मेलेला दाणा निरुपयोगी. शिवाय तो ओला राहून बुरशीचें घर होतो. जवाच्या शंभर दाण्यांपैकीं निदान पंचाण्णव उगवले पाहिजेत, असा माल्ट करणारांचा आग्रह असतो. आपली दादर कोरड्या हवेंत पिकते, म्हणून तिचा दाणा स्वच्छ निघतो. खरीप ज्वारी मात्र कणीस भरलें असतां पावसांत सांपडली कीं काळी पडते व तिची उगवणशक्ति घटते. कोंवळी ज्वारी खाऊन गुरें दगावतात हें आपण जाणतोंच; तेंच विष मोडांतहि असल्यामुळें वाळविल्यावर मोड व मुळें झाडून काढावीं लागतात.

माल्ट भरडून सुमारें ६५ अंश सेंटिग्रेडच्या पाण्यांत तासभर ठेवितात. ज्वारीचें पीठ त्याहून अधिक उष्णतेवांचून नीट शिजत नाहीं, आणि तितक्या उष्णतेंत पाचक रस मरतात. म्हणून ती बहुधा निराळी शिजवून घेतात. गाळलेला रस हॉपच्या फुलांसह उकळून निववितात व त्यांत यीस्ट सोडतात. येथून पुढें प्रत्येक भांडें व नळी निर्मळ पाहिजे. बियर सूक्ष्म जंतूंमुळें बिघडते, हें पाश्चर यांनीं १८७६ सालच्या आपल्या ग्रंथांत दाखविलें. आणि १८८३ सालीं कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग कारखान्यांत हान्सेन यांनीं शुद्ध यीस्ट वेगळें वाढविलें.

आंबण्याचें काम पुरें झाल्यावर प्राणवायु हा मोठा शत्रु होतो. यीस्ट सोडतांना तो थोडा हवाच असतो, पण बाटलींत राहिल्यास बियरला भिजल्या पुठ्ठ्यासारखा वास येतो. म्हणून बाटलींतील हवा कर्बाम्ल वायूनें घालवून, फेंस तोंडाशीं आला असतां झांकण बसवितात. उजेडानें हॉपचा अंश बिघडून दुर्गंधि सुटते, यास्तव बाटली तपकिरी घेतात. उष्णतेनें तर सर्वच बिघाड झपाट्यानें वाढतो. वैशाखांत जळगांव-धुळ्याकडे पारा ४५ अंशांच्या घरांत जातो. तशांत पत्र्याच्या गुदामांत चार दिवस पडलेला माल मागचे सारे श्रम मातींत घालवितो.

सारांश, एका पायरीवर गेलेली प्रत पुढच्या पायरीवर परत येत नाहीं. आमची पायरी पहिली आहे. काळी पडलेली ज्वारी चांगल्या राशींत मिसळूं नये. तिची रास निराळी ठेवावी. दाणा दातांखालीं कडक फुटेपर्यंत वाळवूनच पोतीं भरावीं. विकण्यापूर्वीं शंभर दाणे ओल्या गोणपाटांत गुंडाळून ठेवावे व चार-पांच दिवसांनीं किती उगवले तें मोजावें. यास दमडी लागत नाहीं. गिऱ्हाईक बियरशाळेचें असो, बियाण्याचें असो वा भाकरीचें असो, आपला आंकडा आपणांस ठाऊक असल्यावर भाव करितांना दबून बोलावें लागत नाहीं.