पिंपातली जिवंत बिअर

केंब्रिजला जीझस ग्रीन मैदानावर मे महिन्यात बिअरची जत्रा भरते. मित्रांनी एका संध्याकाळी मला तिथे नेले. आधी पेल्याची अनामत भरायची, पेला परत केला की पैसे परत. बँकेत हयात गेलेल्या माणसाला हे पटलेच! बिअर मात्र थंडगार नव्हती. ‘‘जिवंत आहे ती,’’ मित्र म्हणाला. पिंपातही ती आंबत असते. पिंप उघडले की चार दिवसांत संपवायची. मोठे कारखाने बिअर गाळून, तापवून, वायू भरून विकू लागले, तेव्हा १९७१ साली गिऱ्हाइकांनीच ‘कॅम्रा’ ही संघटना काढली. ही जत्रा १९७४ पासूनची. पेले भरणारे सारे बिनपगारी. आम्हाला वाढणाऱ्या पांढऱ्या दाढीवाल्या गृहस्थांच्या गल्लीतला पब बंद पडला होता. ‘‘चाळीस वर्षं तिथे बसलो,’’ ते म्हणाले आणि पुढचा पेला भरू लागले.