सीझरच्या प्रेतापुढील दोन भाषणें

संस्कृत नाटकांत पात्राची भाषा बहुधा त्याच्या दर्जावरून ठरते. राजा व मंत्री संस्कृत बोलतात, स्त्रिया व सेवकजन प्राकृत. विदूषक ब्राह्मण असूनहि प्राकृतच बोलतो. शेक्सपिअरच्या नाटकांतहि साधारणतः थोरांच्या मुखीं पद्य व सामान्यांच्या मुखीं गद्य असतें. ह्या रिवाजास सरावलेला वाचक ‘ज्यूलिअस सीझर’च्या तिसऱ्या अंकांत अडखळतो. सीझरचा वध करून आलेला ब्रूटस हा त्या नाटकांतील सर्वांत उदात्त पुरुष. परंतु रोमच्या लोकांपुढें तो गद्यांत बोलतो, आणि त्याच्यामागून उभा राहणारा अँटनी पद्यांत. “गुरुजी, एवढ्या थोर माणसाला गद्य कां?” असें आमच्या एका विद्यार्थ्यानें एकदां विचारलें होतें. त्या दिवशीं आम्हांस नीट उत्तर देतां आलें नाहीं.

इ. स. पूर्व ४४ मध्यें घडलेल्या ह्या वधाचें कथानक शेक्सपिअरनें प्लूटार्कच्या चरित्रांतून घेतलें; १५७९ सालीं नॉर्थनें प्रसिद्ध केलेलें इंग्रजी भाषांतर त्याच्यापुढें होतें. ब्रूटस आपलीं ग्रीक पत्रें अगदीं मोजक्या शब्दांत लिही, असें प्लूटार्क सांगतो. १५९९ च्या सुमाराच्या ह्या नाटकांत तोच स्वभाव भाषणांत उतरला आहे. वाक्यें तोलून रचिलेलीं. एका पारड्यांत सीझरवरील प्रेम, दुसऱ्यांत रोमवरील. त्याला लोकांची बुद्धि पटवावयाची आहे, मन भारून टाकावयाचें नाहीं. म्हणून छंदाची मोहिनी त्याला नको. लोक जयजयकार करितात आणि त्यांतलाच एकजण ओरडतो कीं, आतां ह्यालाच सीझर करा! ज्या राजपदाच्या भयानें ब्रूटसनें मित्राचा प्राण घेतला, तेंच लोक त्याच्या माथीं ठेवूं पाहतात. भाषण जिंकलें, त्याचा अर्थ मात्र कोणाच्याच मनांत उतरला नाहीं.

अँटनीला बोलण्याची परवानगी मिळते ती कटवाल्यांना दोष न देण्याच्या अटीवर. तो अट शब्दशः पाळूं लागतो. ब्रूटस ‘सन्माननीय’ आहे, एवढेंच तो पुनःपुन्हा सांगतो. स्वराच्या फेरानें अर्थ पालटतो त्यास आपल्या साहित्यशास्त्रांत ‘काकु’ म्हणतात. स्तुतीच्या शब्दांतून निंदा निघते ती ‘विपरीत लक्षणा’. प्रथम तो शब्द सरळ वाटतो. मग सीझरच्या औदार्याच्या एकेका गोष्टीमागून तो येतो, आणि दर वेळीं थोडा अधिक वांकतो. शेवटीं गर्दींतूनच कोणी ‘द्रोही’ म्हणून ओरडतो; तोंवर अँटनीनें तो शब्द उच्चारलेलाहि नसतो! मग जखमांनीं फाटलेला झगा, मग मृत्युपत्रांतील प्रत्येक नागरिकास ७५ द्राक्मांची देणगी. आणि आपण वक्ता नव्हे, साधाभोळा माणूस आहों, हेंहि तो मध्येंच सांगून घेतो.

लगेच पुढच्या प्रवेशांत जमावाला सिन्ना नांवाचा एक कवि वाटेंत भेटतो. कटवाल्यांतहि एक सिन्ना असतो. ‘मी तो नव्हे, मी कवि,’ असें हा बिचारा विनवितो. तर मग वाईट कवितांसाठींच ह्याला फाडा, असा निवाडा होतो. शब्दाचा अर्थ एकदां सुटला, कीं नुसतें नांवहि माणसाच्या प्राणाशीं येतें. अँटनीच्या वक्तृत्वाची किंमत येथें कळते.

त्या विद्यार्थ्यास आज आम्ही सांगूं: ब्रूटसचें गद्य हा त्याच्या थोरपणास उणेपणा नव्हे, तो त्याचा प्रामाणिकपणा आहे. परंतु समोर कोण उभे आहेत, हें त्यानें पाहिलें नाहीं, आणि अँटनीनें तेवढेंच पाहिलें. नाटक शोकपर्यवसायी होतें तें ह्या दोन भाषणांच्या दरम्यान.

घरांतील मुलांकडून हीं भाषणें एकदां मोठ्यानें वाचवून घ्यावींत. ‘सन्माननीय’ हा शब्द कोणत्या ठिकाणीं फिरला, हें त्यांनाच विचारावें. तें ज्या मुलाला ओळखतां आलें, तो पुढें सभेंतील टाळ्यांनीं सहसा फसणार नाहीं.